भोंग्यावरचं जुनं गाणं

सूड घेणं वाईट, असं ज्यांना वाटतं त्यांच्यावर बहुधा भरल्या हॉलमध्ये कुणी कधी हसलेलं नसतं. माझ्यावर हसलेत. माझ्यापेक्षा जास्त माझ्या मैत्रिणीवर हसलेत. त्या हसण्याचा वचपा मी कॉलेज सोडायच्या आधी काढला आणि त्याचं मला आजही तीळभर वाईट वाटत नाही. उलट कधी शूटिंगचं काम बिनसलं, एखाद्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाचा मामा कॅमेऱ्यापुढं पाठ करून उभा राहिला, की मी घरी येऊन चहा करते, ती दुपार आठवते आणि मला बरं वाटतं.

राग धरून ठेवणं मला आईकडून आलं. आम्ही दोघी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत राहतो. आई वर्ध्याला एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. मी शाळेत होते तेव्हा शेजारच्या काकूंनी आमच्या गेटसमोर खरकटं पाणी ओतलं आणि वर 'पावसाचं असेल' असं सांगितलं, तेही मे महिन्यात. तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नाही. दिवाळीला फराळाचं ताट मात्र माझ्या हातून त्यांच्याकडं जातं आणि त्यांचंही येतं. "चिवड्याशी माह्यं भांडण नाई, तिच्याशी हाय," असं आईचं म्हणणं. पाणी टाकल्याचा राग नाही तिला. खोटं बोलल्याचा आहे.

तर कॉलेजचं सांगते. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात जनसंवादाच्या वर्गात होते. आमच्या विभागात कॅमेरा एकच. तो लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली विभाग सांभाळणाऱ्या सरांच्या पँटच्या खिशात. शेवटच्या वर्षी ज्याला कॅमेरा मिळेल त्यानं स्वतःचा लघुपट करायचा, बाकीच्यांनी मोबाईलवर भागवायचं, अशी पद्धत. कॅमेरा कुणाला द्यायचा ते सर ठरवायचे. पहिल्या वर्षापासून मला तो हवा होता. मोबाईलवर मी आमच्या गल्लीतली कुत्री, पापड वाळवणाऱ्या बाया, रेल्वे पुलाखालचे चहाचे ठेले, जे दिसेल ते टिपत असायची. त्यामुळं दुसऱ्या वर्षी गॅदरिंगसाठी म्युझिक व्हिडिओ करायचं ठरलं आणि सर म्हणाले, "कॅमेऱ्यावर तू राहा," तेव्हा मी त्या रात्री जेवले नाही इतकी खूश होते. पुढं कळलं की मुलांपैकी कुणालाच कॅमेऱ्यामागं उभं राहायचं नव्हतं. सगळ्यांना दिग्दर्शक व्हायचं होतं.

दिग्दर्शक झाला तो वर्गातला एक मुलगा. सरांचा लाडका. टोपी उलटी घालायचा आणि कॅन्टीनमध्ये समोसा संपला तरी 'कट' म्हणायचा. मी त्याला दिग्दर्शकच म्हणेन. त्याच्या आयुष्यात ते एवढंच पद त्याला मिळो, ही माझी सदिच्छा.

गाणं माझ्या मैत्रिणीचं. ती आर्वीकडच्या एका खेड्यातली, आमच्याच गल्लीत खोली करून राहायची. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाते. त्या वेचणाऱ्या बायांचं गाणं तिनं लिहिलं, चालही तिनंच लावली आणि खोलीचं दार-खिडकी लावून, अंगावर चादर घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड केलं. लय संथ होती. दोन्ही हातांनी बोंडातून कापूस काढून ओटीत टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढी. एका ओळीला तिचा आवाज जरा फाटला होता. सरांना गाणं आवडलं, पण ते म्हणाले, "जरा उडतं कर गं. गॅदरिंगला पोरं झोपतील." मग ती नागपूरला जाऊन कुणाच्या तरी ओळखीनं तबला, कीबोर्ड घालून उडतं करून आली. अशी त्या गाण्याची दोन रूपं झाली, जुनं संथ आणि नवीन उडतं. व्हिडिओ नवीन गाण्यावर करायचा ठरला. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं यातूनच झालं.

शूटिंग होतं कापसाच्या बाजारात. सरांनी ओळख काढून परवानगी आणली होती, पण दुपारच्या जेवणाच्या सुटीपुरतीच. लिलाव थांबले, गाड्या रिकाम्या झाल्या, माणसं डबे घेऊन सावलीला गेली की आम्ही ढिगांमध्ये शिरायचं आणि सुटी संपायच्या आत बाहेर पडायचं. मोबाईलचा आवाज त्या मोकळ्या जागेत पुरणार नाही म्हणून दिग्दर्शकानं भोंगा लावलेली एक ऑटो आणली होती. एरवी ती गावभर साड्यांच्या सेलची आणि डोळे तपासणीच्या शिबिराची जाहिरात करत फिरते. भोंग्याला पेन ड्राइव्ह लागायचा. तो दिग्दर्शकाकडं होता.

सुरू करायच्या आधी सरांनी मला बजावलं, "कॅमेऱ्याचा आवाज बंद करून टाक. गाणं वरूनच टाकायचं आहे, उगाच बाजाराची कटकट कशाला?" मी मान हलवली. आवाज बंद करायचं बटण मला सापडलंच नाही. मेनूत खाली-वर फिरले, नाही सापडलं. विचारायची लाज वाटली. एवढी वाट बघून कॅमेरा हातात आलाय आणि हिला बटणही माहीत नाही, असं कुणी म्हणू नये म्हणून मी तो आवाज तसाच चालू ठेवला.

त्या दुपारी मी केलेल्या चुका मोजायच्या तर बोटं पुरणार नाहीत. मैत्रिणीला मी पांढऱ्याशुभ्र ढिगापुढं उभं केलं. डोक्यावर ऊन, मागं कापूस. कॅमेरा आपोआप उजेड कमी करत गेला आणि तिचा चेहरा कढईच्या बुडासारखा काळा. काचेवर कापसाचा तंतू चिकटला होता, तो प्रत्येक शॉटमध्ये तिच्या कपाळावर मिशीसारखा हलत राहिला. तिपाईचा एक पाय खड्ड्यात, त्यामुळं सगळा बाजार एका बाजूला कललेला. आणि झूम! दिसेल तिथं झूम.

भोंगा अजून लावायचा होता तेवढ्यात तिच्या डोळ्यात कापसाचं कस्पट गेलं. मी तिला हाताला धरून नळावर घेऊन गेले. मला वाटलं, मी रेकॉर्डिंग थांबवलंय. थांबवलं नव्हतं. तिपाईचा वरचा स्क्रू मी नीट आवळला नव्हता म्हणून कॅमेऱ्यानं मान टाकली आणि तो ऑटोच्या चाकाकडं बघत तसाच चालू राहिला. आम्ही परत आलो तेव्हा दिग्दर्शक घाई करत होता. मी कॅमेरा सरळ केला, गाणं सुरू झालं, मैत्रिणीनं दोन ओळींवर ओठ हलवले आणि थांबली.

"हे तं जुनं होय ना?" ती म्हणाली.

"नाई वं, नवीनच हाय," दिग्दर्शक म्हणाला. "भोंग्यावर तसंच वाटते. तू गाण्याकडं नोको पाहू, फक्त तोंड हालव."

"अरे, पण तबला कुठं हाय?"

"भोंग्यात तबला येत नाई."

सर बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "चला चला, सुटी संपत आली." तिनं माझ्याकडं पाहिलं. मला गाण्यातलं फार कळत नव्हतं आणि माझं सगळं लक्ष त्या तिपाईच्या पायाकडं होतं. तिनं तोंड हलवलं. पूर्ण गाणं हलवलं, तीनदा.

व्हिडिओची जोडणी दिग्दर्शकानं त्याच्या घरी केली. आम्हाला दाखवला नाही. "सरप्राइज हाय," म्हणाला. सरप्राइज आम्हाला गॅदरिंगलाच मिळालं, भरल्या हॉलमध्ये, प्राचार्य पहिल्या रांगेत बसलेले असताना. पहिली ओळ जमली. दुसऱ्या ओळीला गाणं थोडं पुढं गेलं, तिचे ओठ मागं राहिले. तिसऱ्या ओळीला गाणं संपून तबला वाजतोय आणि पडद्यावर ही काळ्या चेहऱ्याची मुलगी कपाळावर मिशी घेऊन तोंड हलवतेच आहे. मागून एक पोट्टा ओरडला, "बें!" मग दुसरा. मग निम्मा हॉल शेळ्यांनी भरला. मैत्रीण माझ्या शेजारी बसली होती. तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं आणि ती पडद्याकडंच बघत राहिली, शेवटपर्यंत.

व्हिडिओ संपल्यावर दिग्दर्शक स्टेजवर गेला, माईक घेतला आणि फार मोठ्या मनानं म्हणाला, "मित्रांनो, कॅमेऱ्याचं स्पीड चुकीचं ठेवल्या गेलं, त्याच्यानं असं झालं. आमच्या कॅमेरावालीची पह्यलीच वेळ होती. समजून घ्या." लोकांनी समजून घेत टाळ्या वाजवल्या. सरांनी खालून मान डोलावली. त्या डोलणाऱ्या मानेचा मला जो राग आला, तो मी सांगत बसत नाही.

त्यानंतर मैत्रीण कॅन्टीनमध्ये गेली की 'बें'. ग्रंथालयात 'बें'. पायऱ्यांवर, सायकल स्टँडवर, सगळीकडं 'बें'. तिनं गाणं सोडलं. भांडी घासताना गुणगुणायची तेही बंद झालं. मी दोन-तीनदा म्हटलं, अगं एवढं काय, विसर. तर म्हणाली, "तुले 'बें' म्हणून नाई राह्यले ना कोनी." मी 'विसर' म्हणायचं सोडून दिलं.

आणि माझ्या मनात किडा. खरंच मी स्पीड चुकीचं ठेवलं असेल का? बटण सापडत नव्हतं तेव्हा मेनूत मी काय काय दाबलं होतं, कुणास ठाऊक. बघायला जावं तर कॅमेरा कपाटात, किल्ली सरांच्या खिशात. सर मला म्हणाले, "तू आता स्क्रिप्टकडं लक्ष दे. कॅमेरा राहू दे काही दिवस." काही दिवस म्हणजे शेवटच्या वर्षाचा लघुपट गेला, हे मला समजत होतं.

मग सरांनीच एक वाट काढली. परीक्षेचा भाग म्हणून प्रत्येकानं वर्गासमोर बोलायचं होतं, 'चित्रीकरणातल्या माझ्या चुका आणि त्यांतून मी काय शिकलो'. बाहेरून परीक्षक बाई येणार होत्या. सरांनी मला बोलावून घेतलं. "हे बघ," ते म्हणाले, "मला तुझ्याबद्दल आकस नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर सरळ म्हणून टाक, माझ्याकडून स्पीडची चूक झाली. चूक कबूल करणारा विद्यार्थी मला आवडतो. म्हण आणि किल्ली घेऊन जा, लघुपट तुझा." मी 'हो सर' म्हटलं. मनापासून म्हटलं. एका वाक्यात कॅमेरा परत मिळत होता, आणि ते वाक्य कदाचित खरंही होतं.

बोलायची तयारी करायला मी घरचा जुना लॅपटॉप उघडला. शूटिंगच्या दिवशी, कॅमेऱ्याचं कार्ड सरांना परत करायच्या आधी, मी सगळं त्यात उतरवून घेतलं होतं, आईला दाखवायला. लॅपटॉपचा स्पीकर गेलेला होता, म्हणून आईनं आणि मी ते मुक्यानंच पाहिलं होतं. आता मी माझ्या चुका शोधायला बसले. काळा चेहरा, मिशी, कललेला बाजार. स्पीडची चूक काही दिसेना. बाजारातली माणसं नीट चालत होती, बैल नीट शेपटी हलवत होता. सगळं जगासारखं चाललं होतं. मैत्रीण बाजूला बसून मेथी निवडत होती. मी तिचे इअरफोन मागून घेतले आणि लॅपटॉपला लावले. आवाज बंद करायचा राहिला होता, हे तेव्हा कुठं आठवलं.

आवाज होता. भोंगा ऐकू येत होता आणि भोंग्यावर जुनं गाणं होतं. तबला नाही, कीबोर्ड नाही, चादरीतला आवाज. एक इअरफोन मी तिच्या कानात घातला. तिनं थोडं ऐकलं आणि मेथीची जुडी खाली ठेवली.

"मी म्हटलं होतं ना," ती एवढंच बोलली.

मग मी ती फाइल लावली, जी आम्ही कधी पूर्ण पाहिलीच नव्हती, कारण तिच्यात मातीच दिसत होती. ऑटोचं चाक, माती आणि सरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. आम्ही नळावर होतो तेव्हाची. बूट बोलत होते. शेजारी दिग्दर्शक बोलत होता. गाणं जुनं आहे हे दोघांनाही माहीत होतं. तशा अर्थाचं बोलणं झालं आणि शेवटी सर एक वाक्य बोलले. ते वाक्य मी त्याच्या जागी सांगेन. ते ऐकून मी लॅपटॉप बंद केला, उठले, स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले, उघडला आणि पुन्हा ऐकलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी गेली आणि तिथंच राहिली.

आता प्रश्न सरळ होता. 'स्पीडची चूक माझी' असं म्हटलं तर किल्ली माझी. हे ऐकवलं तर किल्ली गेली, गुण गेले आणि सरांसोबत अख्खं वर्ष काढायचं. आईला सांगितलं. तिनं इअरफोन घालून सगळं ऐकलं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. मला वाटलं, ही आता म्हणेल, जाऊ दे, कॅमेरा घे. ती म्हणाली, "तू भांडू नोको. आवाज चढवू नोको. रडू तं मुळीच नोको. ते म्हणून राह्यले ना, चुका सांग, मंग चुका सांग. सगळ्या सांगजो."

"आणि कॅमेरा?"

"खोटं बोलून घेतलेला कॅमेरा तुले रोज दिसन," आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

एक अडचण राहिली होती. नुसतं बोलणं ऐकवून भागणार नव्हतं. चित्र बरोबर होतं हे दाखवायचं तर त्याच चित्राखाली जुनं गाणं टाकून दाखवावं लागणार. म्हणजे मैत्रिणीचा फाटलेला आवाज, चादरीतलं रेकॉर्डिंग, सगळ्या वर्गासमोर. 'बें' करणाऱ्यांच्या समोर. मला विचारायचा धीर होईना. तिनंच विषय काढला.

"जुनं लावशीन ना?"

"तुझा आवाज एका जागी..."

"फाटला तं फाटला. त्यायचं थोबाड पाहाचं हाय मले. लावजो."

मी लावलं. तिच्या मोबाईलमधलं जुनं गाणं घेतलं, पहिल्या ओळीला ओठांशी जुळवलं आणि सोडून दिलं. पुढं काही करावंच लागलं नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ओठ आणि गाणं हातात हात घालून चालले. माझ्या कॅमेऱ्यात काही चुकलं नव्हतं. मी ते बघितलं आणि मला पहिल्यांदा रडू आलं, पण आईनं मुळीच नको म्हटलं होतं म्हणून तेही आवरलं.

त्यानंतरचे दिवस मी फार आनंदात घालवले. कॉलेजात सर दिसले की 'गुड मॉर्निंग सर'. दिग्दर्शक दिसला की हसू. तो म्हणालासुद्धा, "तू लय स्पोर्टिंगली घेतलं यार." घरी मात्र मी ते मातीचं चित्र पुन्हा पुन्हा ऐकायची. त्याच नादात बाकीचंही सगळं बघून व्हायचं. पांढऱ्या ढिगापुढं उजेड हातानं वाढवायला हवा होता, तिपाईचा पाय आधी चाचपायला हवा होता, काच दर वेळी पुसायला हवी होती, हे सगळं मला वर्गात कुणी शिकवलं नाही. मी ते सूडापोटी शिकले. शत्रूचा पुरावा तपासावा तसं मी माझंच काम तपासत होते.

बोलायची ती दुपार आली. परीक्षक बाई नागपूरच्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. सरांनी त्यांच्यासाठी काजूची बशी मागवली होती. दिग्दर्शक माझ्या आधी बोलला. त्याच्या चुका म्हणजे 'टीमवर जास्त विश्वास ठेवला' अशा. बसताना त्यानं मला अंगठा दाखवला.

मी उभी राहिले. काळा चेहरा दाखवला आणि तो का काळा पडला ते सांगितलं. मिशी दाखवली. वर्ग हसला, मीही हसले. कललेला बाजार दाखवला. बाई लिहून घेत होत्या. सर खुर्चीत मागं रेलून कौतुकानं बघत होते, खिशातली किल्ली त्यांनी बाहेर काढून बोटात धरली होती. झूमची चूक सांगितली. मग म्हटलं, "आता माझ्या सगळ्यांत मोठ्या दोन चुका. एक, मी रेकॉर्डिंग थांबवायला विसरले. दोन, सरांनी स्वतः सांगूनही मी कॅमेऱ्याचा आवाज बंद केला नाही. बटण सापडलं नाही, सर." आणि मी बटण दाबलं.

पडद्यावर माती, चाक आणि पांढरे बूट. सगळ्यांनी पडद्यावरून नजर काढून टेबलाखाली पाहिलं. सर तेच बूट घालून आले होते.

"सर, पेन ड्राइव्हवर तं जुनंच गाणं हाय," दिग्दर्शकाचा आवाज. "नवीन तिच्या मोबाईलमंदी हाय. ती नळावर गेली. थांबू काय?"

"अरे लाव तेच. गाणं एकच आहे ना? सुटी संपेल."

"लिपसिंक नाई जमणार सर."

"एडिटिंगमध्ये बघू. आणि नाहीच जमलं तर म्हणू, कॅमेरावाली नवीन होती."

मग हसणं. दोघांचं. तेवढं मी कापलं नव्हतं.

सर म्हणाले, "आवाज फार स्पष्ट नाही आहे हा. बाजारात गोंधळ होता." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "परत लावा." मी परत लावलं. माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं गोड काही सांगितलेलं नाही.

दुसऱ्यांदा हसणं संपलं तसं मी न बोलता पुढचं चित्र लावलं. तोच व्हिडिओ, खाली जुनं गाणं. मैत्रीण मागच्या बाकावर ताठ बसली होती. गाणं चालू झालं आणि पडद्यावरच्या तिच्या ओठांतून तिचा आवाज येऊ लागला, संथ, वेचणीच्या हाताचा. चेहरा काळाच होता, मिशीही होती, पण कुणी हसलं नाही. जिथं आवाज फाटला तिथं पडद्यावर तिनं मानेला जरासा झटका दिला होता, आणि ते दोन्ही इतकं जुळून आलं की 'बें' करणाऱ्यांतला सगळ्यात पुढचा पोट्टा खाली बघायला लागला. मी त्याच्याकडं बघत राहिले. तो वर बघेपर्यंत मी नजर काढली नाही.

गाणं संपलं. सर उठले. चेहरा उतरला होता, पण गडी मुरलेला. "शाब्बास," म्हणाले. "हे तू शोधून काढलंस, यालाच शिकणं म्हणतात. मी तर कॅमेरा तुलाच देणार होतो." आणि त्यांनी किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

मला ती हवी होती. हात पुढं जायला आसुसला होता. मी हात मागं बांधले.

"सर, ते वाक्य राहिलं."

"कोणतं?"

"माझ्याकडून चूक झाली, हे. सगळ्यांसमोर म्हणायचं आणि मग किल्ली घ्यायची, असं तुम्हीच सांगितलं होतं. मी म्हणू का तुम्ही म्हणता?"

त्यांनी बाईंकडं पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या आणि त्यांना अजिबात घाई नव्हती. सरांनी दिग्दर्शकाकडं पाहिलं. तो टोपीशी खेळत होता. शेवटी सर टेबलाकडं बघून पुटपुटले, "चूक झाली माझ्याकडून."

"सर, ऐकू नाई आलं," मागच्या बाकावरून मैत्रीण म्हणाली.

त्यांना परत म्हणावं लागलं. मोठ्यानं. मग मी किल्ली उचलली. ती त्यांच्या हातानं गरम झालेली होती, मी ती ओढणीला पुसली. मैत्रीण उठली, बाकांच्या मधून पुढं चालत आली, दिग्दर्शकासमोर थांबली, त्याच्या उलट्या टोपीकडं नीट पाहिलं आणि अगदी शांतपणे, एकदाच म्हणाली, "बें."

वर्गात हशा पिकला. या वेळी मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले.

आम्ही दोघी पायऱ्या उतरत होतो. किल्ली माझ्या मुठीत होती. मी तिला विचारलं की आता तरी माफ करायचं का यांना. खालच्या पायरीवर पोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती गुणगुणत होती. किती दिवसांनी. मला एकदम ओळखू आलं नाही.

"कोणतं गं, नवीन?" मी विचारलं.

"जुनं," ती म्हणाली. "नवीन घाल त्यायच्या मढ्यावर."